तिकिटावरची पाचवी कमान

सोमवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी नगरपालिकेच्या आवक विभागातल्या टेबलावर टपालाची थैली उपडी झालेली होती आणि आवक कारकून पाकिटांचे दोन गठ्ठे करत होते. नियमाप्रमाणे एक गठ्ठा अधिकाऱ्यांच्या नावाने आलेल्या पाकिटांचा आणि दुसरा हुद्द्याने आलेल्या पाकिटांचा असायला हवा. कारकुनांचे गठ्ठे वेगळे होते. एकात तिकीट चिकटवलेली पाकिटं, दुसऱ्यात मशीनचा छाप मारलेली. छाप मारलेल्या पाकिटांकडे ते बिनबोलावता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघत. क्रमांक त्यांनाही देत, पण जरा जोरात शिक्का हाणून.

वय सत्तावन्न. या खुर्चीत एकतीस वर्षं. गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग, त्यामुळे सगळं ऑफिस त्यांना भिंगराव म्हणतं. पगारपत्रकावर वेगळं नाव आहे, पण ते वाचून हाक मारली तर त्यांना दोनदा ऐकावं लागतं.

भिंगरावांचं कामातलं तत्त्व एकच होतं आणि ते सगळ्यांना पाठ होतं: आवक क्रमांक पडला नाही तर कागद आलेलाच नाही. एकदा पाण्याची टाकी फुटल्याचं सांगायला एक माणूस धापा टाकत वर आला. भिंगरावांनी त्याच्याकडे लेखी मागितलं. त्याने उभ्याउभ्या लिहिलं, तोवर पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. तक्रारीला क्रमांक मात्र व्यवस्थित पडला.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक सूचना वर पाठवली. लोक येऊन हातोहात अर्ज देतात, त्याने गर्दी होते. तरी हातपोच अर्ज फक्त मंगळवारी दहा ते बारा घ्यावेत, बाकी सर्वांनी टपालाने पाठवावेत. साहेबांना सूचना आवडली. परिपत्रक निघालं, भिंतीवर काचेत लागलं आणि खाली ‘सूचना: आवक विभाग’ असं छापून आलं. भिंगरावांना प्रशस्तिपत्रकही मिळालं. खरं कारण परिपत्रकात नव्हतं. हातोहात आलेल्या अर्जावर तिकीट नसतं.

तिकिटांचा नाद त्यांना नोकरीत लागला. शाळेत ते इतिहासात दोनदा नापास झाले होते. पहिल्या वेळी शंभरपैकी एकतीस, दुसऱ्या वेळी अठ्ठावीस. पुस्तकातला इतिहास त्यांच्या डोक्यात शिरत नसे, कारण पुस्तकात सगळं वेळेवर आणि ठरल्याप्रमाणे घडलेलं असे. पाकिटांवर तसं नव्हतं. पुस्तकात एक वाक्य होतं: ‘सत्तांतर शांततेत पार पडले.’ पाकिटांवर भिंगरावांना दिसलं, की राजा गेल्यावर तीन महिने टपाल राजाच्याच तोंडाने चालू होतं. फक्त चेहऱ्यावर काळी पट्टी छापली होती. काही तिकिटांवर पट्टी डोळ्यांवर होती, काहींवर तोंडावर, आणि एका पाकिटावर राजा पूर्ण दिसत होता आणि पट्टी शेजारच्या कोऱ्या कागदावर होती. म्हणजे छापखान्यात घाई होती, शाई पातळ होती आणि कोणाला काही कळत नव्हतं. हे त्यांना एकदम पटलं. ऑफिसात साहेब बदलतात तेव्हा असंच होतं.

पुढे गव्हाच्या ओंबीचं एक हिरवं तिकीट सापडलं. एकाच वर्षात त्याच ओंबीवर तीनदा नवी किंमत छापलेली, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जाड अक्षरांत. त्या वर्षावरच्या पाठाचं पुस्तकातलं नाव होतं ‘स्थैर्याचा काळ’. आणि एका लहान गावाचा गोल शिक्का होता, तो एका पावसाळ्याच्या तोंडाशी अचानक थांबला. पाच महिने काहीच नाही. मग त्याच गावाचा शिक्का पुन्हा सुरू झाला, पण नावाच्या आधी ‘नवे’ लागलं होतं. मधल्या पाच महिन्यांत धरण भरलं. पुस्तकात धरणाचं चित्र होतं, उंची होती, मजुरांची संख्या होती. गाव नव्हतं.

त्या दिवशी भिंगराव जेवायला घरी गेले आणि तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा बायकोला आपणहून काहीतरी सांगू लागले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “एवढं शाळेत वाचलं असतं तर आज साहेब असता.”

सोमवारी पावणेअकराला त्यांची मोठी बहीण आवक विभागात आली. पुलाच्या अलीकडच्या टोकाला तिचं चाव्या बनवायचं दुकान आहे. आठ फूट बाय पाच फूट, एक चाव्या घासायचं मशीन, एक शेगडी आणि तीन भिंतींवर लटकलेल्या कोऱ्या चाव्या. नवरा वारल्यापासून सत्तावीस वर्षं ती एकटी ते चालवते. गावातलं एकही कुलूप असं नाही, की जे तिने एकदा तरी हातात घेतलेलं नाही. ऑफिसातले लोक तिच्याशी आदराने बोलतात. निम्म्यांची कपाटं तिने उघडून दिली आहेत.

“घे,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी पाकीट आणलंय. फाडलं नाही, कडेने कापलंय.”

भिंगरावांनी भिंग लावलं. “अरे वा! निघालं का नवीन? चार रंगांत आहे, ताई.”

“आतलं वाच.”

“पाण्याची निळाई बघ कशी छापलीय. आपलाच पूल आहे!”

“आतलं वाच म्हणते.”

“शिक्का पण पूर्ण बसलाय. शुक्रवारचा, दुपारच्या—”

“माझं दुकान पाडतायत, मेल्या.”

भिंगरावांनी भिंग खाली केलं. शेजारच्या टेबलावर जावक विभागातल्या बाई पाकिटं चिकटवत होत्या. त्यांचा हात थांबला.

“ते मीच पाठवलं,” त्या म्हणाल्या. “मला काय माहीत तुमची ताई आहे ती? पत्त्यावर नुसतं ‘दुकान क्रमांक एक, पुलाजवळ’ होतं.” मग जरा थांबून, “तिकीट सरळ लागलं होतं ना?”

नोटिशीत लिहिलं होतं, की नगरपालिकेच्या ऐतिहासिक पुलाच्या, पुरात वाहून गेलेल्या पाचव्या कमानीच्या मूळ जागेवर आपण दुकान थाटलं आहे. सदर कमानीचं पुनर्निर्माण होणार असल्याने जागा का खाली करू नये, याचा खुलासा गुरुवारी सकाळी साडेअकरा वाजता सुनावणीस हजर राहून करावा. खुलासा लेखी असावा. लेखी खुलाशाला आवक क्रमांक असावा.

पुलाला चार कमानी आहेत. हे कोणीही मोजू शकतं आणि मुलं मोजतातही. पण एकाहत्तर वर्षांपूर्वी पुलाच्या उद्घाटनाला जे जांभळं तिकीट निघालं, त्यावर पाच आहेत. तिकीट देशभर गेलं, पूल इथेच राहिला. पुढे पाठ्यपुस्तकातलं चित्र तिकिटावरून काढलं, नगरपालिकेचं बोधचिन्ह पुस्तकावरून काढलं आणि पाच कमानी पक्क्या झाल्या. मग चारच का दिसतात, हा प्रश्न उरला. त्याचं उत्तर मिळायला वेळ लागला नाही. पूल झाल्यावर अकरा वर्षांनी नदीला मोठा पूर आला होता. पाचवी कमान त्यात गेली असणार. दहा वर्षांत ‘असणार’ गळून पडलं.

आता पाचवी कमान पुनर्निर्माण समिती होती. नगरपालिकेच्या अभियंत्याने जागेची पाहणी केली होती आणि अहवाल दिला होता, की कमानीचे कोणतेही अवशेष आढळले नाहीत, पायाही आढळला नाही. यावरून पुराच्या भीषणतेची कल्पना येते. समितीच्या पाठपुराव्याने टपाल खात्याने नवं तिकीट काढलं, पुन्हा पाच कमानींचं. अध्यक्ष होते निवृत्त हेडमास्तर, वय एक्याऐंशी. आपण लहानपणी पाचव्या कमानीवरून नदीत सूर मारायचो, असं ते प्रत्येक सभेत सांगत. दर सभेला कमान थोडी उंच होत असे.

भिंगरावांना इतिहासात एकतीस आणि अठ्ठावीस गुण देणारे हेडमास्तर तेच.

“माझ्या दुकानाखाली कमान होती म्हणे,” ताई म्हणाली. “तुझे दाजी जमिनीत मशीनचे बोल्ट ठोकायला बसले, तेव्हा तीन छिन्न्या मोडल्या त्यांच्या. अख्खा खडक आहे. खडकावर कोण कमान बांधतं?”

“बघतो,” भिंगराव म्हणाले.

“बघतोस तू. बाहेरून.”

संध्याकाळी घरी त्यांनी पुलाच्या तिकिटांची वही काढली. जांभळं तिकीट त्यांच्याकडे सदतीस नग होतं. भिंगाखाली धरून ते एकेक कमान बघत गेले आणि साडेसातच्या सुमारास त्यांना जे दिसलं ते सदतीस तिकिटांवर सारखंच होतं. पहिल्या चार कमानींत कोरणाऱ्याने दगडांचे सांधे काढले होते, कुठे मोठा दगड, कुठे कपच्या, तिसऱ्या कमानीत तर एक फुटका दगडसुद्धा. पाचवी कमान कोरी होती. नुसत्या दोन वाकड्या रेघा. चार कमानी माणसाने बघून काढल्या होत्या, पाचवी कोणीतरी सांगितली म्हणून.

मग त्यांनी पुराच्या आठवड्यातली पाकिटं काढली. अशी सहा होती, सगळी पलीकडच्या काठावरून इकडे आलेली. त्या काळी पाकीट निघालं की समोर शिक्का आणि पोचलं की मागे शिक्का, अशी पद्धत होती. सहाही पाकिटांवर पलीकडची तारीख आणि अलीकडची तारीख यांत एका दिवसाचं अंतर होतं. पूर असताना आणि पूर ओसरल्यावरसुद्धा. नदीवर दुसरा पूल नव्हता. कमान पडली असती तर टपाल आलं असतं कुठून?

मंगळवारी दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून भिंगराव हेडमास्तरांकडे गेले. बाहेरच्या खोलीत जांभळ्या तिकिटाचा टेबलाएवढा मोठा केलेला फोटो भिंतीवर होता. हेडमास्तर त्याच्याखाली बसून गुरुवारचं भाषण लिहीत होते.

“ये. बस. कुठल्या वर्षाचा तू?”

भिंगरावांनी वर्ष सांगितलं.

“आठवलं. इतिहासात नापास.”

“हो सर.”

भिंगरावांनी सहा पाकिटं समोर मांडली आणि तारखा दाखवल्या. हेडमास्तरांनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. चांगल्या शिक्षकाची ती खूण आहे.

“होडीने आलं असेल,” ते म्हणाले.

“पुरात होडी, सर?”

“त्या काळचे लोक वेगळे होते.”

भिंगरावांनी भिंग काढून दिलं. “सर, फोटोत बघा. चार कमानींत दगड दिसतात. पाचवीत एकही नाही.”

हेडमास्तर उठले, फोटोजवळ गेले, बराच वेळ बघत राहिले. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “पाचवी फार गुळगुळीत होती. पाय घसरायचा. म्हणून तर आम्ही तिच्यावरून सूर मारायचो.” मग वळून, “किती पडले होते रे तुला?”

“एकतीस, सर.”

“शंभरपैकी?”

“हो.”

“मग?”

भिंगरावांनी पाकिटं गोळा केली. दारापर्यंत सोडायला हेडमास्तर स्वतः आले आणि ताईच्या दुकानाबद्दल वाईट वाटतं असं म्हणाले. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. मागच्याच वर्षी तिने त्यांच्या कपाटाची हरवलेली चावी करून दिली होती. समितीची सगळी कागदपत्रं त्याच कपाटात होती.

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता भिंगराव ताईच्या दुकानात स्टुलावर बसले होते. शटर अर्धं खाली होतं. घडलेलं सगळं सांगून झालं होतं.

“होडीने,” ताई म्हणाली. तिने चावीवरचा कीस फुंकर मारून उडवला. “आणि ते एक पाकीट दाखवायचास ना मला? तीन तिकिटांचं. दिवाणखान्यात आलेल्या दर माणसाला दाखवतोस ते. तेही पुलाच्याच वेळचं ना?”

“ते वेगळं. ते फार दुर्मीळ आहे.” भिंगरावांचा आवाज बदलला. “पुलाच्या कामावर आठ महिन्यांपुरतं एक छावणीचं टपालघर उघडलं होतं. त्याचा शिक्का कुठे मिळत नाही. माझ्या पाकिटावर तो तीनदा आहे. उद्घाटनानंतर नवव्या दिवसाचा. दोन तिकिटं समोर आणि एक मागे, पाकिटाच्या झाकणावर, मोहोर मारल्यासारखं.”

“कोणी पाठवलंय?”

“पुलाच्या इंजिनिअरने. मागे लिहिलंय तसं.”

“कोणाला?”

“नगरपालिकेच्या तेव्हाच्या साहेबांना, नावाने. ते साहेब तोवर बदलून गेले होते. नावाने आलेलं पाकीट आवक विभागाने उघडायचं नाही, असा नियम आहे. म्हणून रॅकवर पडून राहिलं. बावीस वर्षांपूर्वी रॅक साफ केले, तेव्हा रद्दीतून रीतसर चिठ्ठी घेऊन मी ते—”

“आणि आत काय आहे?”

“पत्र असणार.”

“असणार?”

“उघडलेलं नाही.”

ताईने कानस खाली ठेवली. “पुलाच्या इंजिनिअरचं पुलाबद्दलचं पत्र बावीस वर्षं तुझ्या घरात आहे, आणि तू ते वाचलं नाहीस?”

“बंद पाकीट आहे, ताई. उघडलं की त्याची शान जाते.”

किल्ली आत ठेवून दार ओढून घेणारी गिऱ्हाइकं तिच्याकडे रोज येतात. त्यांच्याकडे ती जशी बघते तशी ती भावाकडे बघत राहिली. “घेऊन ये,” ती म्हणाली.

पाऊण तासाने ते पाकीट दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून घेऊन आले. तिसरं तिकीट अर्धं झाकणावर आणि अर्धं पाकिटावर होतं, वर छावणीचा गोल शिक्का. झाकण ओढलं तर तिकीट मधोमध फाटणार होतं.

“राहू दे,” भिंगराव म्हणाले. “आत नुसती शुभेच्छांची चिठ्ठी असली तर?”

“तर शुभेच्छा घेऊ. सरक.”

तिने शेगडीवर किटली ठेवली. बंद पडलेली तिजोरी उघडायला तिच्याकडे स्टीलची एक पट्टी आहे, कागदाहून किंचित जाड. वाफेवर पाकीट धरून, कोरडं करून, पुन्हा धरून, ती पट्टी तिकिटाच्या दातेरी कडेखाली तीळतीळ सरकवत गेली. भिंगराव भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि चाव्या मोजत होते. दोनशे सोळापर्यंत मोजून झाल्या तेव्हा ती म्हणाली, “वळ आता. मेलं नाही कोणी.”

तिकीट अखंड होतं. शिक्काही. आत घडी घातलेलं एक पानभर पत्र होतं आणि मोजमापाचा एक कागद. ताईने पत्र वाचलं, कारण भावाची नजर अजून तिकिटावर होती.

इंजिनिअरने लिहिलं होतं, की मूळ आराखड्यात पाच कमानी होत्या. खोदकामात पाचव्या कमानीच्या जागी अखंड खडक लागला. सबब पुलाचा रस्ता थेट खडकावर टेकवला आहे. पाचवी कमान बांधलेली नाही आणि बांधण्याची गरज नाही. तथापि टपाल खात्याला दिलेलं चित्र जुन्या आराखड्याचं होतं, असं आज तिकीट हाती आल्यावर कळलं. तरी चित्र दुरुस्त करण्याविषयी आपण तातडीने कळवावं, नाहीतर पुढे लोकांचा गैरसमज होईल. शेवटी एक ओळ होती: छावणीत दुसरी तिकिटं शिल्लक नसल्याने याच तिकिटांनी पत्र पाठवत आहे, क्षमस्व.

ताईने टाच जमिनीवर आपटली. तीन छिन्न्या मोडणारा खडक हलला नाही.

बुधवारी सव्वाअकराला भिंगराव पत्र घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये उभे होते. साहेबांनी पत्र हातात घेतलं नाही. आधी त्याचे चारही कोपरे बघितले.

“आवक क्रमांक कुठंय?”

“नाही, साहेब. हे एकाहत्तर वर्षांपूर्वीच आलंय.”

“आपला शिक्का?”

“टपालाचा आहे.”

“आपला?”

“नाही.”

“मग हे आलेलं नाही.”

“साहेब, माझ्या हातात आहे.”

“तुमच्या हातात आहे. कार्यालयाकडे आलेलं नाही. हा फरक मला कोणी शिकवला? मी इथे रुजू झालो त्या दिवशी, तुम्हीच.” साहेब दुष्ट नव्हते. समितीच्या भाषणांना ते कंटाळलेही होते. “हे बघा. क्रमांक पडून फाईलला लागलं, तर मला उद्या ते वाचावंच लागेल. वाचलं की नोटीस मागे घ्यावीच लागेल. इंजिनिअरनेच लिहून दिलंय म्हटल्यावर समितीला मी काय, कोणीच काही म्हणू शकत नाही. नाही लागलं, तर माझ्यासमोर फक्त समितीचा ठराव आहे आणि त्याला क्रमांक आहे. चार हजार अकरा.”

“मग ताईच्या खुलाशाला जोडून आत्ता घेतो. ती खालीच उभी आहे.”

“हातपोच?”

“हो.”

साहेबांनी भिंतीवरच्या काचेकडे बोट केलं. “आज वार कुठला?”

भिंगरावांना परिपत्रक वाचायची गरज नव्हती. मसुदा त्यांचाच होता.

ते खाली आले तेव्हा जावकच्या बाईंना सगळं कळलेलं होतं. केबिनचं दार नीट लागत नाही. “टाका कालच्या तारखेत,” त्या हळूच म्हणाल्या. “काल मंगळवार होता. कोणाला कळतंय?”

भिंगरावांनी आवक वही उघडून त्यांच्यापुढे केली. मंगळवारच्या शेवटच्या क्रमांकाखाली लाल रेघ होती आणि रेघेवर त्यांची सही. एकतीस वर्षांत या वहीत दोन ओळींच्या मध्ये एकही ओळ घुसवलेली नाही. बाईंनी वही बघितली, मान हलवली आणि म्हणाल्या, “तुमच्यासारख्या माणसाला ताई मिळाली हे ताईचं नशीब म्हणायचं की तुमचं?”

ताई बाकावर बसली होती. तिला सांगितल्यावर ती बाकावरून उठली. मग म्हणाली, “म्हणजे हा नियम तू केलास.”

“हो.”

“कशासाठी?”

भिंगराव परिपत्रकातलं कारण सांगणार होते. “तिकिटांसाठी,” ते म्हणाले.

ताईला हसू आलं. ते चांगलं हसू नव्हतं, पण हसू होतं. “चल मग,” ती म्हणाली. “लाव तिकीट.”

टपालघर रस्त्याच्या पलीकडे आहे. पावणेतीनला ताईने खिडकीजवळच्या फळीवर खुलासा लिहिला, सहा ओळींचा. सोबत मूळ पत्र, मोजमापाचा कागद आणि मूळ पाकीट. पाकीट जोडायलाच हवं होतं. तारीख त्याच्यावर होती. आवक झालेल्या प्रत्येक कागदाला डाव्या बाजूला दोन भोकं पाडून फाईलला लावतात आणि वरच्या कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का मारतात. जोडपत्रांनाही. ही दोन्ही कामं गुरुवारी कोणाला करावी लागणार, हे भिंगरावांना माहीत होतं. मूळ पाकीट मोठ्या पाकिटात सरकवताना त्यांनी ते एकदा बाहेर काढलं, भिंगातून बघितलं आणि परत ठेवलं. ताईने घाई केली नाही.

खिडकीतल्या बाईंनी वजन केलं. “तीन लागतील.”

“कुठली आहेत?”

“पुलाचीच. दुसरं काही शिल्लकच नाही सध्या.”

भिंगरावांनी दोन तिकिटं समोर लावली, कडा जुळवून. तिसरं ताईने त्यांच्या हातातून घेतलं आणि मागे झाकणावर चिकटवलं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. “मध्ये कोणी उघडायला नको,” ती म्हणाली. पत्त्यात तिने साहेबांचं नाव लिहायला घेतलं होतं. भिंगरावांनी पेन धरलं. “नाव नको, ताई. हुद्दा लिही.”

तीन वाजून आठ मिनिटांनी पाकीट पेटीत पडलं.

पाच वाजता भिंगरावांनी बुधवारच्या शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ मारून सही केली. शेवटचा क्रमांक ६४१७ आहे. गावातल्या पेटीतलं चार वाजेपर्यंतचं टपाल दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या थैलीत येतं. थैली दहा वाजून दहा मिनिटांनी टेबलावर उपडी होते.